ताई, हे घरी कळेल का?

लंडनला शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी बँक, भाड्याची खोली आणि प्रेशर कुकर यांच्या जोडीला हल्ली आणखी एक गोष्ट सांगते. लैंगिक आजारांची तपासणी इथे फुकट होते. व्हिसा आड येत नाही, खरं नाव दिलंच पाहिजे असं नाही आणि तुमच्या परवानगीशिवाय जीपीला, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरलाही कळवत नाहीत. (तरी सगळ्यांचा पहिला प्रश्न शीर्षकातलाच असतो.)

सोहोमधल्या ‘५६ डीन स्ट्रीट’ या सरकारी क्लिनिकने २०१४ मध्ये एक ‘एक्स्प्रेस’ शाखा काढली, खास लक्षणं नसलेल्यांसाठी. आत जाऊन व्हिडिओ बघायचा, आपला स्वॅब आपणच घ्यायचा. नमुना तिथल्याच यंत्रात. क्लॅमिडिया आणि गनोरिया या दोन लैंगिक आजारांचा निकाल यंत्र दीड तासात देतं, मग काही तासांत मोबाइलवर मेसेज. नमुना दूरच्या प्रयोगशाळेत गेला की दिवसच्या दिवस जातात. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक बायकांना आणि निम्म्याएक पुरुषांना काहीच त्रास होत नाही, त्यामुळे तेवढ्या दिवसांत तो निवांत पुढे पसरतो. उपचाराविना राहिला तर गर्भनलिकांना इजा होऊन मूल होण्यात अडचण येऊ शकते.

गंमत म्हणजे हे जीनएक्स्पर्ट यंत्र आपल्याकडेही आहे. टीबीसाठी थुंकी तपासतात ते ‘सीबीनॅट’ हेच. फक्त नमुना घालायचं कार्ट्रिज वेगळं. पण लैंगिक आजारांसाठीच्या आपल्या सरकारी ‘सुरक्षा क्लिनिकां’त मुख्य भर लक्षणं बघून ठरावीक रंगाचं औषधांचं किट देण्यावर. मूत्रमार्गातून किंवा गर्भाशयाच्या मुखातून स्राव होत असेल तर राखाडी किट: अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. गरीब देशासाठी ही पद्धत शहाणपणाचीच, पण लक्षणंच नसलेली बाई तिच्यात सापडणार कशी?

झटपट तपासणी म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी धावायचं असं मात्र नाही. संबंधानंतर दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात, नाहीतर निगेटिव्हवर भरवसा नाही. क्लॅमिडिया पॉझिटिव्ह आलं तर साधारणपणे डॉक्सीसायक्लिन, दिवसातून दोनदा, सात दिवस. तोवर संबंध बंद.

जोडीदाराला सांगायची हिंमत होत नसेल तर क्लिनिक तुमचं नाव न घेता कळवतं. एका मुलाने हे ऐकून विचारलं, “ताई, पुण्याला बायकोलाही कळवतील?” तो फोन मात्र त्याला स्वतःच करावा लागला.