तुम्ही विचारलंत म्हणून: रोज चालतात की, मग वजनं कशाला?

पेशंटच्या घरी पायाला बांधायची वजनं पिशवीतून बाहेर काढली की हा प्रश्न ठरलेला. कधी आजी स्वतः विचारतात, बहुतेक वेळा मुलगा किंवा सून. "आई रोज बागेत चार फेऱ्या मारतात हो. या वयात वजनं म्हणजे जरा अतीच नाही का? कुठे लचकलं-बिचकलं तर?" मी फिजिओथेरपिस्ट आहे, पडून खुब्याचं हाड मोडलेली माणसं मला रोज भेटतात. तेव्हा एकदा नीटच सांगते.

चालणं चांगलंच. हृदयाला, साखरेला, आणि बागेतल्या गप्पा तर सोडूच नयेत. पण पाय पायपुसण्यात अडकतो किंवा बाथरूमच्या ओल्या फरशीवर सरकतो, तेव्हा दुसरा पाय झटकन पुढे टाकून सगळा भार त्यावर पेलावा लागतो. त्याला लागतात झटपट जोर लावणारे स्नायूतंतू, आणि वय वाढतं तसे जास्त झिजतात ते हेच. रमतगमत मारलेल्या फेऱ्यांत त्यांना फारसं कामच पडत नाही. म्हणून आजी किती चालतात हे मी नंतर विचारते, आधी त्या सोफ्यावरून कशा उठतात ते बघते. दोन्ही हात रेटून, "आई गं" करत उठल्या तर मला पुरेसं कळतं.

2019 साली वैद्यकीय संशोधन पडताळून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 108 चाचण्या एकत्र करून तपासल्या, त्यांत 23 हजारांवर माणसं होती. तोल आणि ताकद या दोन्हींचे व्यायाम एकत्र करणाऱ्यांचं पडणं साधारण एक तृतीयांशाने घटलेलं दिसलं. नुसतं चालणं किंवा नुसती वजनं, यांच्याबद्दल मात्र खात्रीने काही म्हणता आलं नाही. त्यामुळे जिममध्ये मशीनवर बसून फक्त मांड्या कमावणाऱ्या काकांनाही मी तोलाचे व्यायाम करायला लावतेच.

आता 'या वयात'बद्दल. 1990 साली बॉस्टनमध्ये डॉ. मारिया फियातारोने यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा व्यायाम दिला. वजनं चांगली जड होती, जेमतेम एकदा उचलता येईल त्याच्या 80 टक्क्यांपर्यंत नेलेली. नऊ जणांनी व्यायाम पुरा केला, त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली आणि दोघांची काठी सुटली. पुढे 1994 मध्ये शंभर जणांवरच्या अभ्यासात व्यायामाशिवाय नुसतं पौष्टिक पेय दिलेल्यांना ताकदीत फायदा झाला नाही. प्रोटीन पावडरचा डबा दाखवून "हे चालेल का?" विचारणाऱ्यांसाठी एवढं पुरे. डाळी, दही, अंडं पोटात जायला हवंच, पण त्याला काम द्यायला हवं.

मी करून घेते ते साधंच असतं. भिंतीला टेकवलेली डायनिंग टेबलची खुर्ची, हात छातीवर, उठायचं झटकन आणि बसायचं चार आकडे मोजत. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया. एका आजींच्या खुर्चीवर दोन उशा ठेवून सुरुवात केली. जमायला लागलं तशी एक उशी काढली, मग दुसरी. नंतर त्यांनी स्वतःहून दोन किलोची कणकेची पिशवी छातीशी धरली, तेव्हा सूनबाईंनी हायच खाल्ली! पुढे ओटा धरून टाचा उचलणं, घोट्याला वजनाची पट्टी बांधून पाय बाजूला नेणं, ओट्याला एकच बोट टेकवून एका पायावर उभं राहणं. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाचा घरी करायचा कार्यक्रम याच वळणाचा आहे, आणि तो आधी ऐंशी ओलांडलेल्या बायकांवर आजमावला होता.

वजन किती? शेवटच्या दोन-तीन वेळांना चेहरा बदलायला हवा. पंधरा वेळा पाय उचलता उचलता मालिकेची गोष्ट सांगता येत असेल तर वजन हलकं आहे, वाढवा. श्वास कोंडायचा नाही. मी मोठ्याने आकडे म्हणायला लावते, मग तो कोंडताच येत नाही. छातीत दुखत असेल, बीपी आटोक्यात नसेल, उठताना अंधारी येत असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टर. झोपेची गोळी चालू असेल तर तीही त्यांना सांगा.

खरं तर वजनांपेक्षा मला घरच्यांची माया जास्त नडते. पाणी हातात, चहा हातात, "तू उठू नकोस, मी देते." दिवसभरातल्या फुकटच्या उठाबशा गेल्या. आजींना स्वयंपाकघरात जाऊ द्या, फार तर पायपुसणं उचलून ठेवा.

आणि "किती दिवस करायचं?" हा पुढचा प्रश्न. बॉस्टनच्या त्या मंडळींनी व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांतच ताकद बरीच ओसरली. म्हणून कोर्स वगैरे नाही. आठवड्यातून तीन दिवस, चालूच. घरी पाहुणे असले तर दोन दिवसांवर भागवा. गावाला जाताना पट्ट्या बॅगेत टाका, आणि विसरलातच तर खुर्ची तिथेही असेल.