परत पाठवलेला दाता

आमच्या भांडुपच्या सोसायटीत गेली 11 वर्षे रक्तदान शिबिर भरते आणि त्यातली 9 वर्षे नोंदणीच्या टेबलावर मी बसत आले आहे. शिबिर आटोपले की रक्तपेढीचे कर्मचारी पिशव्या मोजून शीतपेट्यांत भरतात, आमचे सेक्रेटरी ग्रुपवर बाटल्यांचा आकडा टाकतात आणि त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागते. काचेच्या बाटल्या जाऊन प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्याला कितीतरी वर्षे झाली, तरी आपण अजून बाटलीच म्हणतो. मात्र त्याच दिवशी रांगेत उभे राहून, फॉर्म भरून, बोटाला सुई टोचून घेऊनही ज्यांना परत जावे लागले, त्यांचा आकडा कुणी टाकत नाही. मला आज त्यांच्याविषयी लिहायचे आहे, कारण मीही एकदा त्यांच्यातलीच होते.

2009 साली फोर्टमधल्या आमच्या कार्यालयात शिबिर होते. जेवणाच्या सुट्टीत मी आयुष्यात पहिल्यांदाच रक्त द्यायला गेले. तिथल्या तंत्रज्ञाने बोटातून काढलेला रक्ताचा थेंब निळ्या द्रावणाने भरलेल्या काचेच्या भांड्यात सोडला. तो थेंब जरासा खाली गेला, मध्येच रेंगाळला आणि पुन्हा वर आला. "ताई, एचबी कमी आहे," एवढेच बोलून त्याने पुढच्या माणसाला खूण केली. किती कमी आहे, त्याचा अर्थ काय, पुन्हा केव्हा यायचे, यातले एक अक्षरही मला कळले नाही. आपल्या रक्तात काहीतरी खोट आहे, अशी समजूत करून घेऊन मी टेबलाशी परतले आणि पुढची चार वर्षे कोणत्याही शिबिराकडे फिरकले नाही.

ते निळे द्रावण मोरचुदाचे असते, हे मला फार उशिरा समजले. त्याची घनता अशी मोजून ठेवलेली असते, की 100 मिलिलिटर रक्तात 12.5 ग्रॅम किंवा त्याहून अधिक हिमोग्लोबिन, म्हणजेच एचबी, असेल तर थेंब काही सेकंदांत तळाला जातो आणि कमी असेल तर तरंगत राहतो. आता अनेक ठिकाणी छोटे यंत्र आकडाच दाखवते, पण मर्यादा तीच आहे आणि ती स्त्री-पुरुष दोघांनाही सारखीच लागू आहे. यातली एक गोष्ट फारशी कुणी समजावून सांगत नाही. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन 12 असेल तर वैद्यकीय व्याख्येने तिला रक्तक्षय नसतो, तरीही ती रक्त देऊ शकत नाही, कारण दिल्यानंतर ती 12 च्या खाली जाईल. म्हणजे तो तरंगणारा थेंब तिच्या रक्ताला नावे ठेवत नसतो, तर तिच्या शरीरातला साठा राखत असतो. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते. अशा देशात बायकांच्या रांगेतून कितीजणींना परत जावे लागत असेल याचा अंदाज करता येतो, आणि ज्या बाईला तिचा आकडा प्रथमच या टेबलावर कळतो, तिला तो नीट समजावून न सांगता घरी पाठवणे ही माझ्या मते मोठीच हेळसांड आहे.

वजनाच्या नियमामागेही असाच हिशेब आहे. 350 मिलिलिटर रक्त देण्यासाठी वजन निदान 45 किलो असावे लागते आणि 450 मिलिलिटरसाठी 55 किलोंहून अधिक. लहान चणीच्या माणसाच्या अंगात मुळातच रक्त कमी असते, त्यामुळे तेवढीच पिशवी भरली तर त्याला घेरी येण्याची शक्यता वाढते. दोन रक्तदानांमध्ये पुरुषांनी 90 दिवसांचे आणि स्त्रियांनी 120 दिवसांचे अंतर ठेवायचे असते, कारण गेलेले पाणी दिवस-दोन दिवसांत भरून येत असले, तरी लोह भरून यायला महिने लागतात. वयाची मर्यादा 18 ते 65 अशी आहे, पण पहिलेच रक्तदान साठीनंतर करता येत नाही. आमच्याकडे निवृत्तीनंतर मोठ्या हौसेने प्रथमच आलेल्या एका काकांना ही अट सांगताना माझे मलाच अपराध्यासारखे वाटले होते.

सर्वांत जास्त मनाला लागलेला प्रसंग आमच्या वॉचमन काकांचा आहे. रात्रपाळी संपवून, सकाळी आठला गणवेशावरच ते रांगेत पहिले येऊन उभे राहिले होते. डॉक्टरांनी झोप झाली का, असे विचारले आणि त्यांनी खरे ते सांगितले. पुरेशी झोप न झालेल्या रात्रपाळीच्या माणसाचे रक्त घेऊ नये, असा नियम आहे आणि तो योग्यच आहे, कारण जागरणानंतर रक्त दिलेला माणूस जिन्यात किंवा लोकलच्या दारात कोसळू शकतो. लांब पल्ल्याच्या वाहनचालकांनाही पुढच्या पाळीपूर्वी 24 तास रक्त देता येत नाही, ते याच कारणासाठी. पण काकांना यातले काहीच कळले नाही. ते माझ्या टेबलाजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, आमचं रक्त चालत नाही का?" मी त्यांना खुर्चीत बसवून चहा दिला आणि सगळे समजावून सांगितले. त्यांनी मान डोलावली, पण तो प्रश्न त्यांच्या तोंडून निघायलाच नको होता, असे मला आजही वाटते.

काही वेळा चूक आम्हा आयोजकांची असते. एका वर्षी आम्ही उत्साहाच्या भरात आषाढी एकादशीला शिबिर ठेवले. पवित्र दिवस, पवित्र कार्य, असा विचार होता. निम्म्याहून अधिक लोक उपवासाचे निघाले आणि उपवासाच्या दिवशी रक्त देऊ नये, हे नियमातच लिहिलेले आहे. साबुदाण्याची खिचडी खाऊन आलोय, असे सांगत लोक डॉक्टरांशी हुज्जत घालू लागले आणि दोन तास निव्वळ समजूत काढण्यात गेले. तेव्हापासून शिबिराची तारीख ठरवताना आम्ही आधी कालनिर्णय पाहतो. श्रावणी सोमवार, नवरात्र, चतुर्थी, सारे वगळून मगच दिवस ठरतो.

याच्या अगदी उलट, कितीतरी लोक स्वतःच स्वतःला बाद करून घरी बसतात. शेजारच्या काकूंना रक्तदाबाची गोळी सुरू आहे, म्हणून त्या दर वर्षी फक्त बिस्किटे वाटायला यायच्या. वास्तविक गोळी चालू असली तरी वरचा दाब 100 ते 140 आणि खालचा 60 ते 90 च्या दरम्यान असेल, गेल्या 28 दिवसांत औषध किंवा त्याचे प्रमाण बदललेले नसेल आणि हृदय, मूत्रपिंड किंवा डोळ्यांवर परिणाम झालेला नसेल, तर रक्त घेता येते. मधुमेहाचेही तसेच आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांना कायमची मनाई आहे, पण पथ्याने किंवा गोळ्यांनी साखर आटोक्यात असलेल्यांना डॉक्टर तपासून घेतात. काकूंनी वयाच्या 54 व्या वर्षी पहिल्यांदा रक्त दिले, तेव्हा पलंगावर पडल्या पडल्या त्या हातातला रबरी चेंडू इतक्या मनापासून दाबत होत्या, की शेवटी परिचारिकेला त्यांना थांबवावे लागले.

मुंबईच्या पावसाळ्याचा या सगळ्याशी फार जवळचा संबंध आहे. मलेरिया झालेल्या माणसाला पूर्ण बरे झाल्यापासून तीन महिने, डेंग्यू झालेल्याला सहा महिने आणि टायफॉइड झालेल्याला वर्षभर थांबावे लागते. म्हणजे ज्या महिन्यांत डेंग्यूच्या रुग्णांसाठी प्लेटलेट्सची मागणी वाढते, त्याच महिन्यांत नेहमीचे दाते स्वतःच आजारी पडून यादीतून गळतात. प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात. तांबड्या पेशीही 35 किंवा फार तर 42 दिवसांपुढे जात नाहीत. एकाच रविवारी गल्लोगल्ली शिबिरे भरवून पुढे दोन महिने शांत बसण्याची आपली पद्धत म्हणूनच मला पटत नाही. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागणाऱ्या, थॅलेसेमिया हा जन्मजात रक्तविकार असलेल्या मुलांना आपले सण आणि नेत्यांचे वाढदिवस ठाऊक नसतात.

याच शहराचे नाव लागलेला बॉम्बे रक्तगट 1952 साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. साध्या तपासणीत तो ओ गटासारखा दिसतो, पण त्या माणसाला ओ गटाचेही रक्त चालत नाही, फक्त त्याच्याच गटाचे चालते. अशा दात्यांना बहुधा शिबिरात रक्त देण्याऐवजी नाव-पत्ता नोंदवून बोलावणे येईपर्यंत थांबायला सांगतात. थांबणे हेही कधी कधी दातृत्वच असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आता थोडे कटू लिहिते. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका मंडळाच्या शिबिरात मदतीला गेले होते. तिथे प्रत्येक दात्याला ट्रॉली बॅग मिळणार होती आणि रांग रस्त्यापर्यंत गेली होती. फॉर्म भरताना एका तरुणाने उकाड्यातही शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढून धरलेली मला दिसली. बाहीच्या कडेला ताज्या टॅटूची खपली डोकावत होती. गोंदवल्यानंतर 12 महिने रक्त देता येत नाही, कारण दूषित सुईतून कावीळ किंवा एचआयव्हीचा संसर्ग झाला असेल, तर सुरुवातीच्या काळात तो तपासणीतही पकडला जात नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या काविळी, सिफिलिस हा गुप्तरोग आणि मलेरिया यांच्या तपासण्या प्रत्येक पिशवीच्या होतात, पण त्या तपासण्यांच्याही आधीची चाळणी म्हणजे दात्याचे खरे बोलणे. बॅगेच्या आशेने ते खरे बोलणे बदलते. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली दिलेल्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर देशभर बंदी आली, ती याच धोक्यामुळे. बॅग आणि नोट यांत मला फार फरक दिसत नाही. त्या मुलाला मी बाजूला घेऊन विचारले आणि तो ओशाळून निघून गेला. आयोजकांनी मात्र एक बाटली कमी केल्याबद्दल माझ्यावरच नाराजी दाखवली.

आमच्या शिबिरात दात्याला केळे, कॉफी आणि ग्लुकोजची बिस्किटे मिळतात, त्यापलीकडे काही नाही. पाच वर्षांपूर्वी आम्ही एक नवी रीत सुरू केली. ज्याला परत जावे लागते, त्यालाही एक पिवळी चिठ्ठी द्यायची. तिच्यावर कारण मराठीत लिहायचे आणि खाली पुन्हा येण्याची तारीख टाकायची. एचबी कमी असेल तर आकडा लिहून डॉक्टरांना दाखवण्याची सूचना, अंगावर पाजत असेल तर बाळाचे दूध सुटल्यावर, दात काढला असेल तर सहा महिन्यांनी, असे सारे स्पष्ट अक्षरांत. चिठ्ठीची एक प्रत आमच्या फाइलमध्ये राहते आणि पुढच्या शिबिराच्या आठवडाभर आधी आम्ही तिघीजणी बसून त्या सगळ्यांना फोन करतो. मागच्या वेळी अशा 23 जणांना फोन केले, त्यातले 14 आले आणि 11 जणांनी रक्त दिले.

वॉचमन काकांची चिठ्ठी अजून फाइलमध्ये आहे. "झोप घेऊन कधीही यावे" असे मी तिच्यावर लिहिले होते. त्यांच्या एजन्सीने त्यांची बदली दुसऱ्या इमारतीत केली आणि दिलेला नंबर आता लागत नाही. एजन्सीच्या माणसाकडे मी दोनदा निरोप ठेवला आहे. पुढचे शिबिर ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी आहे, त्याआधी पुन्हा एकदा त्यांची चौकशी करायची आहे.