चिलीम, छापी आणि कलम

पंचवटीत आमचं पूजासाहित्याचं दुकान आहे. रुद्राक्ष, गोपीचंदन, कमंडलू आणि वडिलांच्या वेळेपासून एका कोपऱ्यात मातीच्या चिलमी. साधू चिलीम उचलतात, टिचकी मारतात आणि आवाजावरून भाजणी कच्ची की पक्की ते सांगतात.

२०१५च्या सिंहस्थात एक तरुण हवालदार दुकानाशी थांबला. "काका, हे विकायला चालतं का हो?" त्याने अगदी सरळपणे विचारलं होतं, आणि मला उत्तर देता आलं नाही. ते इतकी वर्षं मनात राहिलं. आता पुढचा सिंहस्थ तोंडावर आलाय, म्हणून वकिली करणाऱ्या भाच्याला एका रविवारी पुस्तक घेऊनच बसवलं.

आपला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा १९८५चा. त्यात 'नशेचं साहित्य' अशी वेगळी व्याख्याच नाही. रिकामी, कोरी चिलीम विकणं हा त्या कायद्याने स्वतंत्र गुन्हा नाही. पण तीच चिलीम गांजासोबत सापडली, तर कलम ६० प्रमाणे जप्त होऊ शकते. उपकरणं, भांडी, डबे, पिशव्या, गाडीसुद्धा त्यात येते. ओढणाऱ्याला कलम २७ आहे. गांजासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि जाणूनबुजून गुन्ह्याला साथ देणाऱ्यासाठी कलम २९. हे ऐकल्यावर मी जरा सावरून बसलो.

कलम ५४ जास्त कडक आहे. अमली पदार्थ बनवण्यासाठीच तयार केलेली उपकरणं जवळ सापडली आणि समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर गुन्हा केला असं धरून चालतात. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या नाशिकरोडजवळच्या शिंदे गावात मेफेड्रोन या अमली पदार्थाचा कारखाना सापडला होता. तसल्या ठिकाणच्या भांड्यांना ते कलम लागतं, माझ्या कमंडलूंना नाही.

अमेरिकेत मात्र व्याख्या लिहिलेली आहे. मुख्यतः नशेसाठी बनवलेली किंवा त्याच हेतूची कुठलीही वस्तू त्यात येते, आणि ती विकली तर तीन वर्षांपर्यंत कैद. परंपरेने तंबाखूसाठी वापरल्या जाणाऱ्या वस्तूंना सूट आहे. मग एखादी नळी कशाची, हे ठरवायचं कसं? सोबत सूचना काय दिल्या, जाहिरात कशी केली, दुकानात मांडली कशी, दुकानदार तंबाखूचा परवानाधारक आहे का, त्या वस्तूचा दुसरा रास्त उपयोग आहे का, हे सगळं बघतात. मला हे पटलं. वस्तू तीच, पण दुकानदाराने ती कशी मांडली यावरून त्याचं मन कळतं.

कारण गेल्या महिन्यात एका पुरवठादाराने न मागता एक खोकं पाठवलं होतं. काचेच्या नळ्या, प्रत्येकीवर गांजाचं हिरवं पान रंगवलेलं. "कॉलेजची पोरं उचलतील," म्हणाला. माझा धाकटा त्याच वयाचा आहे. आपल्याकडे त्या पानासाठी वेगळं कलम नसेलही, पण ते पान कोणाला बोलावतं हे मला कळत होतं.

खोकं दुसऱ्याच दिवशी ट्रान्सपोर्टने परत केलं, भाडं माझ्या खिशातून. मातीच्या चिलमी आता काउंटरच्या मागे, छापीच्या, म्हणजे चिलीम ओढताना तिच्या तोंडाशी गुंडाळतात त्या कापडाशेजारी ठेवल्यात. मागितल्याशिवाय काढत नाही. परवा हेल्मेट हातात घेतलेली दोन मुलं आली, त्यांना नाही म्हटलं. त्यांच्यातला मोठा म्हणाला, "काका, शोसाठी हवीय." मी त्याला समई दाखवली.