दोराच्या अलीकडची नदी : आमची वाटचाल

बडोद्यातल्या दांडिया बाजारात आमच्या जुन्या घराच्या माडीवर २०१२ साली मी मुलांचा चित्रकलेचा वर्ग सुरू केला. मुलं सात, त्यातली दोन घरचीच. उन्हाळ्यात माडी तापायची, म्हणून सकाळी साडेसहालाच सगळ्यांना घेऊन कमाटीबागेत जायला लागलो. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये ही बाग केली ती विश्वामित्रीच्या काठावर, पण बागेत येणाऱ्याला नदी कुठे बघायची असते? पुलावरून जाताना माणसं नाकाला रुमाल लावतात. आमची मुलंही तेच करायची.

एका सकाळी खाली गाळावर मगर जबडा उघडून पडलेली दिसली आणि सगळा घोळका कठड्याशी थांबला. ती तोंड उघडं ठेवून अंगातली उष्णता घालवते, हे माझ्या दिरांनी सांगितलं. भाऊजींची नोकरी बँकेतली, पण पशुपक्ष्यांचा नाद लहानपणापासूनचा. मुलं तिथेच फतकल मारून बसली आणि पाऊण तास चित्रं काढत राहिली. तोवर नदी काढा म्हटलं की दोन डोंगरांमधून निळा पट्टा यायचा. त्या दिवशी एकाही कागदावर निळा रंग नव्हता.

मुलांसाठी नदीकाठी आम्ही जे कलेचं शिबिर घेतो, त्याचा जन्म त्या पुलावरचा.

२०१४ च्या एप्रिलमध्ये सिंधरोटच्या पुढे, मही नदीच्या काठी एका ओळखीच्या काकांच्या शेतावर पहिलं पाच दिवसांचं शिबिर घेतलं. सकाळी साडेसहा ते साडेनऊ. त्यानंतर बडोद्याचं ऊन मुलांना सोसण्यासारखं नसतं. इथली जमीन पावसाच्या पाण्याने कोरून कोरून खोल घळी झाल्या आहेत. गुजराती माणूस त्यांना कोतर म्हणतो, आणि बडोद्याचे मराठीही कोतरच म्हणतात. कोतराच्या कडेला बसलं की खाली वाळू, पलीकडे पाणी, वर आलटून पालटून टिटवी आणि खंड्या. पहिल्या दिवशी मुलं नकाशावर दोरा ठेवून मही मोजतात. मध्य प्रदेशात निघून, राजस्थानात वळसा घेऊन ती गुजरातेत येते आणि वाटेत कर्कवृत्त दोनदा ओलांडते. हे बोटाने करून बघितलं की मुलं ते विसरत नाहीत.

पहिल्या वर्षी एक मोठी फजिती झाली. काठची माती चाळून मुलांनी मगरी, कासवं, बगळे केले. आम्ही ते हौसेने उन्हात मांडले आणि दुपारी बघतो तर निम्म्यांना तडे. एक मुलगा आपल्या मगरीचं तुटलेलं शेपूट हातात घेऊन गाडीत बसला, ते अजून आठवतं. त्या संध्याकाळी मी एका वयस्क कुंभारकाकांकडे गेले. त्यांनी एकच वाक्य सांगितलं, “बेन, तडको नहीं, छांयडो.” ऊन नको, सावली. वरचा थर आधी वाळून आक्रसतो, आतला ओलाच राहतो, म्हणून तडा जातो. मातीत थोडी बारीक वाळू आणि राख मळायची, ओलं फडकं टाकून दोन दिवस सावलीत ठेवायचं, मगच आव्यात भाजायचं. मी बडोद्याच्या विद्यापीठातल्या फाइन आर्ट्समधून, म्हणजे कला विभागातून, शिकून बाहेर पडलेली, पण माती मला त्यांनी शिकवली. पुढची सगळी वर्षं आमचा आवा तेच लावून देत आले.

पालकांचा सूर सुरुवातीला वेगळा होता. पाच दिवसांत भिंतीवर लावण्यासारखं काय तयार झालं, असं विचारायचे. आमची मुलं घरी न्यायची हळदीचे डाग पडलेले कागद, पानांचे ठसे, कोळशाने काढलेल्या रेघा. हळदीच्या पाण्यात चुना पडला की ती लालभडक होते. हे स्वतः करून बघणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यापुढे प्रमाणपत्राचा कागद मला खरोखरच फिका वाटतो. आमच्या फाइन आर्ट्सच्या फेअरसाठी, म्हणजे तिथल्या जत्रेसाठी, के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखा मोठा कलावंत हाताने खेळणी करायचा. त्या शहरात मातीच्या मगरीला कमी लेखू नये.

२०१६ चा प्रसंग मात्र लिहिलाच पाहिजे. एका शाळेने साठ मुलं पाठवली, सोबत दोनच शिक्षक. पैसा चांगला होता आणि आम्हाला त्याची गरज होती, म्हणून हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी एक आठ वर्षांचा मुलगा कोतरातून एकटा वाळूवर उतरला. भाऊजी धावले, मुलगा हाताला लागला, काही झालं नाही. पण पाणी तिथून जेमतेम वीस पावलांवर होतं आणि महीत मगरी आहेत. शिवाय दिवस असे की मादी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठाच्या मातीत अंडी घालते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत राखण करते. आमच्या शिबिराचे आणि तिचे दिवस एकच! त्या रात्री मी झोपले नाही. सकाळी उरलेले दिवस रद्द केले, पैसे परत दिले. तेव्हापासून एका तुकडीत चोवीस मुलं आणि सहा मुलांमागे एक मोठं माणूस. पाण्यापासून साठ पावलांवर जाड दोर बांधलेला असतो, त्याच्या पलीकडे कुणीही जायचं नाही, मीसुद्धा नाही. एका ओळखीच्या गृहस्थांनी भागीदारी देऊ केली होती, पण त्यांना काठावर रेन डान्स आणि होड्या हव्या होत्या. तो विषय तिथेच संपला.

२०२० आणि २०२१ मध्ये शिबिर झालंच नाही. वर्ग मोबाइलवर घेतले, त्यात जीव नव्हता.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री पस्तीस फुटांच्या वर गेली. घर वाचलं, पण आमचं सामान नदीजवळच्या एका तळमजल्यावर ठेवलेलं होतं. बारा वर्षांची चित्रं गेली. कागदांचा लगदा फावड्याने काढावा लागला. भाजलेल्या मगरी आणि कासवं तेवढी गाळाखाली शाबूत होती. आम्ही ती धुऊन उंबऱ्यावर मांडली. त्यातल्या कितीतरींच्या पोटावर मुलांनी कोरलेली नावं वाचता येत होती, म्हणून घरोघरी फोन करून ती परत पोचवली. काही मुलं आता कॉलेजात आहेत.

शेवटच्या दिवशी आम्ही कमाटीबागेतल्या संग्रहालयात जातो. तिथे निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, सत्तर फुटांहून लांब. १९४४ साली तो महीच्या मुखाशी सापडला. मुलं शेजारून पावलं मोजत जातात, मग शेवउसळ खाऊन घरी.

मार्चअखेर मी आणि भाऊजी शेतावर जाऊन येतो. कोतराची कड कुठे खचली, वाळूवर शेपटीची ओढ कुठवर उमटली आहे, ते बघून दोर बांधतो. यंदा तो दहा पावलं मागे घेतला आहे.