काजळीच्या पाठीवर गोणपाट

मार्गशीर्ष वद्य तृतीया

सारंगखेड्याहून काल रात्री आलो. अंग आंबलंय, तरी झोप नाही, म्हणून वही काढली. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताचं दर्शन आणि मग तापीकाठचा घोडेबाजार, हा नेम एसटीत ड्रायव्हर होतो तेव्हापासूनचा. तेव्हा रजा मंजूर व्हायची पंचाईत, आता घोड्या कुणाच्या भरवशावर सोडायच्या ही पंचाईत. या खेपेला धाकट्या भावानं सांभाळल्या. हरभऱ्याचा तोबरा ठरल्यापेक्षा जास्तच चढवला असणार, हरणीच्या लिदीवरून कळतंय.

बाजारात जनावर उत्तम होतं. अगाडी-पिछाडीनं बांधलेले पांढरेशुभ्र नुकरे, कानाची टोकं एकमेकांना भिडवून उभे असलेले मारवाडी, काठेवाडी, एक-दोन पंचकल्याणी. ग्लँडर्सच्या तपासणीचा दाखला आता जो तो विचारतो, हे फार बरं झालं. त्या रोगाला औषध नाही. घोडं बाधित निघालं की ते मारावंच लागतं आणि माणसालाही तो होतो. बाकी गिऱ्हाइकाची रीत जुनीच. आधी उंची किती इंच, मग रंग, मग अंगावरचे केसांचे भोवरे. गळ्यावर देवमण म्हणतात तो भोवरा असला की किंमत चढते, नको त्या जागी भोवरा दिसला की चांगलं जनावर मातीमोल. वाकून खुराला हात लावणारा माणूस मला दोन दिवसांत मोजकाच दिसला. खरं तर घोडं विकत घ्यायचं तर खालून वर बघत जावं. खूर फुटका असेल तर वरच्या रंगाचं काय लोणचं घालायचं?

एका दलालाला माझ्याकडच्या भीमथडी घोडीचं कळलं. म्हणाला, "काका, चैत्रात तिला मारवाडी घोडा दाखवा. शिंगरू हातभर उंच निघेल. लग्नाच्या वरातीला लावा, घोडीची किंमत एका हंगामात वसूल." हिशोब चुकीचा नव्हता त्याचा. पण याच हिशोबानं भीमथडी संपत आली. भीमेच्या खोऱ्यातलं हे जनावर एके काळी मराठ्यांच्या घोडदळात धावलेलं. पुढे फौजा गेल्या, पागा गेल्या, आणि ते उरलं ते धनगरांच्या बिऱ्हाडापाशी, ओझ्याचं तट्टू म्हणून. ज्याला त्याला उंची हवी, म्हणून बाहेरचा घोडा लावत गेले. 2024 मध्ये भीमथडीची स्वतंत्र देशी जात म्हणून सरकारदरबारी नोंद झाली. आनंदच झाला, पेढे वाटले मी. पण नोंदीच्या कागदानं घोडी फळत नाही, त्याला त्याच रक्ताचा चांगला घोडा लागतो. तो मिळवायला तालुके पालथे घालावे लागतात, आणि मिळाला तर तो आपल्या घोडीचा भाऊ किंवा बाप नाही ना, हे बघावं लागतं. धनगरांकडे वंशावळी लिहिलेल्या नसतात, पण बायकांना तोंडपाठ असतात. माझ्या दुसऱ्या वहीत त्यांनी सांगितलेलं सगळं उतरवलेलं आहे.

दलालाला नाही म्हणालो. त्यानं चहा पाजला, तो प्यायलो.

मार्गशीर्ष वद्य षष्ठी

नातीनं विचारलं, "आबा, तुम्हाला घोडे कधीपासून आवडतात?" सांगता येईना. आमच्या घरी कधी घोडं नव्हतं. बैल होते, आणि वडिलांचं मत पक्कं होतं की बैल कमावतो आणि घोडं खातं. मी शाळेच्या वहीत मागच्या पानांवर घोडेच काढायचो, तेही पाय न जमणारे. आषाढात पालखी जवळून गेली की लोक माउलींच्या पादुकांना हात लागावा म्हणून धडपडायचे, मी अश्वासाठी. अंकलीहून आळंदीपर्यंत आणि तिथून पंढरपूरपर्यंत चालत आलेला तो घोडा रिंगणात सुटला, की त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. मी ती कागदात बांधून घरी आणलेली आहे. आईनं देव्हाऱ्यात ठेवली, मला ती दप्तरात ठेवायची होती.

खरं वेड लागलं ते वरंधा घाटात. भोर-महाड गाडीवर होतो. दिवाळी झाली की धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, पावसाच्या तोंडाशी परत देशावर येतात. वळणावर मेंढरं आली की गाडी बंद करून बसायचं. प्रवासी वैतागायचे, कंडक्टर घड्याळ बघायचा, माझी नजर मागून येणाऱ्या घोड्यांवर. पुरुष मेंढरांबरोबर रानोमाळ, आणि घोडी घेऊन पुढच्या मुक्कामाला जायचं काम बायकांचं. एकेका घोडीवर अख्खं बिऱ्हाड: भांडी, घोंगड्या, मेंढरं कोंडायच्या वाघरीची जाळी, वर बांधलेल्या कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू, त्याच्याशेजारी कधी पोरही. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला माझी भोंगा वाजवायला टपलेली बस. तरी त्या घोडीचा पाय इकडचा तिकडे होत नसे. मी भोंगा कधी वाजवला नाही. मागचे वाजवायचे.

निवृत्तीचे पैसे आले तेव्हा घरच्यांनी स्लॅब टाकायचा म्हटलं. स्लॅबही टाकला, पण आधी हरणी आणली. त्या विषयावर घरात अजून एकमत नाही.

मार्गशीर्ष वद्य नवमी

आज काजळीच्या पाठीवर पहिल्यांदा रिकामं गोणपाट टाकलं. तिनं मान वळवून हुंगलं आणि पुन्हा कडब्यात तोंड घातलं. एवढंच. पण या एवढ्यासाठी तिच्या जन्मापासून हात फिरवतोय.

काजळी हरणीची. फाल्गुनातली, म्हणजे आता पावणेतीन वर्षांची. हरणीला अकरा महिने उलटले तेव्हा आचळांच्या टोकांना मेणासारखे थेंब दिसायला लागले आणि मी गोठ्यात खाट टाकली. माणसाची पाठ वळायची वाट बघून घोडी विते म्हणतात. तसंच झालं, मी चहाला घरात गेलो तेवढ्यात. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं: शिंगरू तासाभरात उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत आचळाला लागलं पाहिजे, तीन तासांत वार पडली पाहिजे. यातलं काही चुकलं तर रात्री कितीही वाजता फोन करा. फोनची वेळ आली नाही. चीक पोटात गेला हे डोळ्यांनी बघितलं आणि मगच आडवा झालो.

पुढचं सगळं रोजचं आणि कंटाळवाणं, आणि मला तेच आवडतं. सकाळी खरारा. चारही पाय उचलून घ्यायचे, खुरावर दगडानं टकटक करायचं, म्हणजे पुढे खूर तासायला माणूस येईल तेव्हा ती दचकणार नाही. म्होरकी घालून काव्यावर, म्हणजे गोलात, फिरवायचं, पण थोडंच, दोन्ही अंगांनी सारखं. ट्रॅक्टर, बँड, फडफडणारं प्लॅस्टिक, सगळं लांबून दाखवत जवळ आणायचं. ओझं मात्र इतक्यात नाही. लोक दीड वर्षाच्या शिंगरावर पोरं बसवून फोटो काढतात, मला ते बघवत नाही. गुडघ्यापाशी हाड जुळायला दोन-अडीच वर्षं लागतात, पाठीच्या मणक्यांना पाचाच्याही पुढे. काजळीनं आता कुठे पहिले दोन दुधाचे दात पाडलेत. सगळे पक्के दात येऊन तोंड जुळायचं ते पाचव्या वर्षी.

वरातीत नाचणारी घोडी ज्या पद्धतीनं तयार करतात ती मी बघितलेली आहे. पाय बांधून, जमिनीवर काठी आपटून. घोडीला ताल कळतो असं लोकांना वाटतं, तिला काठी कळलेली असते. त्या धंद्याला माझ्या गोठ्यातून जनावर जाणार नाही. म्हणजे पैसेही येणार नाहीत, हे ओघानंच आलं.

काजळीच्या कपाळावर जोडभोवरा आहे. बाजारात या एका गोष्टीवर तिची किंमत निम्मी होईल. सासूबाईंनीही ती जन्मली तेव्हा नाक मुरडलं होतं. मला तिचे खूर दिसतात, काळे, टणक, आईसारखे.

मार्गशीर्ष वद्य एकादशी

शेजारच्या कापणी झालेल्या रानात धनगरांचा वाडा, म्हणजे मुक्काम, बसलाय. दरवर्षीचीच माणसं, यंदा उशिरा निघालीत. दुपारी वाड्यावरची म्हातारी पाणी न्यायला विहिरीवर आली आणि न विचारता गोठ्यात शिरली. हरणी तिच्याच नात्यातल्यांकडून घेतलेली, त्यामुळे हक्क तिचा. काजळीच्या कपाळाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. पुढचा पाय उचलला, खुराच्या तळाला अंगठा दाबला, खांद्यावर कोपर टेकवून सगळं वजन टाकलं आणि वाट बघितली. काजळी हलली नाही. मग पाणी भरायची बादली मुद्दाम तिच्या मागच्या पायांशी दाणकन आपटली. काजळीनं कान मागे घेतले आणि पुन्हा पुढे केले.

"मामा, हिची आज्जी माझ्या हाताखालून गेलीय," ती म्हणाली. "घाटात बस अंगावर आली, तरी वरचं पोर जागं झालं नव्हतं."

कुठला घाट, कोणतं साल, मी विचारलं नाही. म्हटलं, चैत्रात हरणीला कुठला घोडा दाखवू? तिनं दोन नावं सांगितली, एक फलटणच्या बाजूचा, एक तिच्या भावाच्या वाड्यावरचा. दुसरा तापट आहे पण पाय चांगले, पहिला शांत पण त्याच्या एका शिंगराचे गुडघे वाकडे निघाले होते. दोन्ही वहीत लिहिले. मी पहिल्यावर काट मारली, तापट मला चालेल. तिला हे पटलं नाही. म्हणाली, तापट घोडा बायकांच्या हाताला येत नाही, तुम्हाला काय, तुम्ही दावणीला बांधून बघत बसणार. बरोबर आहे तिचं. पहिल्यावरची काट खोडली आणि पुढे लिहिलं, त्याची बाकीची शिंगरं बघून यायची.

जाताना म्हणाली, पावसाच्या तोंडाशी वर येऊ तेव्हा काजळी घेऊन जाईन, तोवर मीठ-मिरचीच्या वजनापलीकडं काही लादू नका. मी म्हटलं, विकायची आहे असं कुणी सांगितलं? "मग बादली आपटताना गप का उभे होता?"

किंमत तिनं सांगितली नाही, मीही काढली नाही. हिला दोन पैसे कमी मिळाले तरी वरातीपेक्षा बरं, असं बायको म्हणते. दोन पैसे म्हणजे किती, हे तिनंच एकदा म्हातारीशी बसून ठरवावं. मला ते जमत नाही.