तुम्ही विचारलंत म्हणून: दुखत नाही, तर लंगडता का?

उजव्या गुडघ्यातील एसीएल या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेला ६ आठवडे झाले, कुबड्या माळ्यावर गेल्या, आणि तेव्हापासून भेटणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो. दुखत खरोखरच नाही. लंगडणे म्हणजे वेदना, असे मीही समजत होतो; पण माझ्या लंगडण्याचे मूळ गुडघ्यापेक्षा मांडीत अधिक आहे.

निरोगी माणसाची टाच जमिनीला टेकते तेव्हा गुडघा जवळजवळ सरळ असतो. लगेच तो १५ ते २० अंशांत वाकून भार झेलतो, पुन्हा सरळ होतो आणि पाय पुढे घेताना सुमारे ६० अंशांपर्यंत वाकतो. यातले पहिले वाकणे इतके थोडे, की पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, पण पावलाचा धक्का बराचसा तिथेच जिरतो, आणि ते वाकणे आवरून धरण्याचे काम मांडीच्या पुढच्या स्नायूंचे, म्हणजे क्वाड्रिसेप्सचे असते.

शस्त्रक्रियेनंतर सांध्यात पाणी साठले, की तिथून मज्जारज्जूकडे जाणारे संदेश या स्नायूला मिळणारी आज्ञाच दडपून टाकतात. पहिल्या आठवड्यात पाय पसरून, दोन्ही मांड्यांवर तळहात ठेवून मी मनाशी ‘आवळ’ असे बजावत असे, तेव्हा डावी मांडी हाताखाली दगडासारखी घट्ट होई आणि उजवी उशीसारखी निवांत पडून राही. इच्छाशक्तीविषयीचा माझा आदर त्या दिवसांत बराच ओसरला.

स्नायूचा भरवसा नसला, की शरीर आपणहून तोडगा काढते: गुडघा किंचित वाकलेल्या स्थितीतच आखडून धरायचा आणि त्यावरचा भार लवकरात लवकर डाव्या पायावर टाकायचा. म्हणून माझे डावे पाऊल घाईने आणि आखूड पडते. शांत जिन्याजवळून चाललो, तर ती बिघडलेली लय मला स्पष्ट ऐकू येते.

खरी अडचण शेवटच्या पाच अंशांची आहे. गुडघा पूर्ण सरळ असताना शरीराच्या वजनाची रेषा सांध्याच्या पुढून जाते, त्यामुळे उभे राहायला क्वाड्रिसेप्सला फारसे श्रम पडत नाहीत. तो थोडा जरी वाकलेला राहिला, तरी रेषा मागे सरकते आणि आधीच दुबळ्या झालेल्या त्याच स्नायूला अखंड राबावे लागते. यासाठी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा आपल्याच वजनाने खाली सोडायचा असतो. घरची माणसे मायेने गुडघ्याखाली उशी सरकवतात, तिने बरे वाटते, पण नेमके हे सरळ होणेच हातचे जाते.

लंगडत चालण्याचा सराव झाला, तर सूज उतरल्यावरही तीच चाल अंगवळणी पडते, म्हणून फिजिओथेरपिस्टने मला पुन्हा एक कुबडी घ्यायला लावली आहे. ती मी डाव्या हातात धरतो, आणि ‘चुकीच्या हातात धरली आहे’ असे आता मला रोज सांगितले जाते. चालताना उजवा पाय आणि डावा हात एकदमच पुढे जातात; त्यामुळे उजव्या पायावर भार येतो त्याच क्षणी कुबडी त्यातला वाटा उचलते आणि धड उजवीकडे कलत नाही.