तीन पेन्सचा चहा आणि बॉस्टनचे सभागृह

बॉस्टनच्या ओल्ड साउथ मीटिंग हाउसमध्ये मी अर्धा तास थांबण्याच्या बेताने शिरलो आणि अडीच तासांनी बाहेर पडलो. न्यूयॉर्कचे चार दिवस, नायगारा, भाचीच्या घरचा गणपती, हे सारे या प्रवासात होतेच. पण मायदेशी परतल्यावर रात्री झोपताना आठवते ते विटांचे १७२९ मधले हे प्रार्थनागृह आणि त्यातील पांढरी, कप्प्याकप्प्यांची बाके.

चहावरचा कर वाढला म्हणून अमेरिकेतील वसाहतकऱ्यांनी चहा समुद्रात फेकला, असे मी शाळेत शिकलो होतो आणि आजवर तेच धरून बसलो होतो. तेथील मार्गदर्शक बाईंनी आरंभीच सांगितले की १७७३ मध्ये बॉस्टन बंदरात आलेला चहा पूर्वीपेक्षा स्वस्त होता. मी भाचीकडे पाहिले. ती म्हणाली, "मामा, मलासुद्धा इथे येईपर्यंत ठाऊक नव्हते." मग मी एका कप्प्यात बसलो आणि भिंतींवरचे फलक एकेक करून वाचू लागलो.

चहा होता ईस्ट इंडिया कंपनीचा, म्हणजे आपल्याच कंपनीचा. बंगालमध्ये १७७० च्या दुष्काळाने लाखो माणसे मेली होती, कंपनी कर्जात बुडाली होती आणि लंडनच्या गोदामांत चिनी चहाचे ढीग पडून होते. तिला वाचवण्यासाठी पार्लमेंटने १७७३ च्या मे महिन्यात कायदा करून तिला आपला माल थेट अमेरिकेत नेण्याची मुभा दिली. त्यामुळे मधले व्यापारी वगळले गेले आणि चहाचा भाव उतरला. परंतु पौंडामागे तीन पेन्सची जकात मात्र जशीच्या तशी राहिली. काच, कागद, शिसे आणि रंग यांवरची जकात तीन वर्षांपूर्वीच उठवली होती, चहावरचीच मुद्दाम ठेवली होती. आम्हाला तुमच्यावर कर बसवण्याचा अधिकार आहे, एवढे दाखवण्यापुरती ती होती.

एवढ्यावरही कदाचित भागले असते. मला खरा धक्का बसला तो ही जकात कशासाठी वापरली जाणार होती, हे वाचून. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर राजा नेमत असे, पण त्याचा पगार लोकांनी निवडलेली विधानसभा मंजूर करी, आणि त्या एका दोरीने गव्हर्नर लोकांशी बांधलेला राही. आता गव्हर्नर आणि वरिष्ठ न्यायाधीश यांचे पगार या जकातीतून परस्पर निघणार होते. म्हणजे आपण विकत घेतलेल्या चहाच्या पैशानेच आपल्या हातातली दोरी कापली जाणार होती. ज्यांनी दीडशे वर्षे गावसभेत बसून आपले रस्ते, शाळा आणि कर स्वतः ठरवले होते, त्या माणसांना स्वस्त चहाचे आमिष का लागू पडले नाही, हे मला तेव्हा कळले.

१६ डिसेंबर १७७३ रोजी या सभागृहात आणि बाहेरच्या रस्त्यावर मिळून सुमारे पाच हजार माणसे जमली होती. चहा घेऊन आलेले डार्टमाउथ जहाज बंदराला लागून जवळजवळ वीस दिवस होत आले होते, आणि जकात न भरता ती वीस दिवसांची मुदत संपताच जकात अधिकारी माल ताब्यात घेणार होते. जहाजाच्या तरुण मालकाला सभेने गव्हर्नरकडे पाठवले: जहाज चहासकट परत जाऊ द्या, एवढीच मागणी होती. तो अंधार पडल्यावर नकार घेऊन परतला. त्यानंतर ग्रिफिन्स वार्फ या धक्क्यावर तीन जहाजांतून तीनशे चाळीसहून अधिक पेट्या पाण्यात गेल्या. आता बंदराच्या कडेला पर्यटकांसाठी पेटी फेकण्याचा खेळ मांडला आहे. तेथील गर्दी आणि ओरडा मला सहन झाला नाही, कारण त्या दिवसातील सर्वांत मोठी गोष्ट फेकणे ही नसून परवानगीची वाट पाहत दिवसभर बसून राहणे ही होती, असे मला मनापासून वाटते.

लंडनने मग बंदर बंद केले आणि गव्हर्नरच्या परवानगीशिवाय वर्षातून एकाहून अधिक गावसभा घेण्यास मनाई केली. सभेलाच हात घातल्यावर भांडण एकट्या बॉस्टनचे राहिले नाही. कनेक्टिकटमधून मेंढ्या आल्या, दक्षिण कॅरोलायनातून तांदूळ आला, आणि सप्टेंबर १७७४ मध्ये बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात एकत्र बसले. पुढे वसाहतकऱ्यांनी बॉस्टनला वेढा घातला तेव्हा शहरातल्या ब्रिटिश सैन्याने याच सभागृहातील बाके जळणासाठी मोडून येथे घोडे फिरवले. मी ज्या बाकावर बसलो होतो ते नंतर बनवलेले आहे, हे समजल्यावर मी नकळत उठून उभा राहिलो.

या सर्वांत जमिनीची हाव नव्हती असे मी म्हणणार नाही. ॲपलाचियन डोंगरांपलीकडे वस्ती करू नका, हा १७६३ चा राजाचा हुकूम अनेकांना डाचत होता, आणि पलीकडची जमीन ज्या मूळ रहिवाशांची होती त्यांना कोणीच विचारत नव्हते.

दुसऱ्या दिवशी नॉर्थ स्टेशनवरून लोकल पकडून कॉन्कॉर्डला गेलो आणि तेथून नॉर्थ ब्रिजपर्यंत चालत गेलो. तेथील लाकडी पुलावर १९ एप्रिल १७७५ रोजी शेतकरी राजाच्या सैन्यावर गोळ्या झाडत होते. सुमारे महिन्याभराने गुजरातेत अडासला पेशव्यांच्या फौजा कंपनीच्या सैन्याशी लढत होत्या. त्या एप्रिलच्या दिवशी लढलेल्या लेव्ही प्रेस्टनला म्हातारपणी एका तरुणाने विचारले होते की तुम्ही कागदपत्रांवरच्या मुद्रांक कराने गांजला होता का, चहाच्या कराने चिडला होता का. त्याने सांगितले की मी एकही मुद्रांक पाहिला नाही आणि त्या चहाचा थेंबही प्यालो नाही. आमचा कारभार आम्हीच करत आलो होतो आणि पुढेही करणार होतो, इंग्रजांना ते नको होते. पुलावर उभे राहून मी हे भाचीला सांगितले, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

मला एक गोष्ट मात्र उमगायला वेळ लागला. लढाई सुरू झाल्यावरही या माणसांनी जुलै १७७५ मध्ये राजाला विनवणीचा अर्ज धाडला होता. राजाने तो स्वीकारलासुद्धा नाही. ऑगस्टमध्ये त्यांना बंडखोर ठरवले आणि पुढे जर्मन पलटणी भाड्याने घेतल्या. ज्याला बाप मानून दाद मागितली त्यानेच दार लावून घेतल्यावर, जुलै १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात पार्लमेंटचे नाव न घेता राजाच्याच विरुद्ध सत्तावीस गाऱ्हाणी मांडली गेली.

पुलाच्या एका टोकाला हातात बंदूक आणि नांगराला हात लावलेला शेतकऱ्याचा पुतळा आहे, त्यापुढे सेल्फी घेणाऱ्यांची रांग होती. दुसऱ्या टोकाला दगडी कुंपणाच्या पायथ्याशी दोन ब्रिटिश सैनिकांची थडगी आहेत आणि त्यावर लहान ब्रिटिश झेंडे खोवले होते. तेथे कोणीच नव्हते. भाचीने एक वाऱ्याने कलंडलेला झेंडा नीट रोवला, आणि आम्ही परतीची गाडी पकडायला निघालो.